लेकुरवाळे घर आणि घड्याळ



वसंत व्याख्यानमालेत आपण एरवी जे विषय ऐकता ते मोठे असतात. कोणी राज्यघटनेवर बोलतो, कोणी संतवाङ्मयावर, कोणी शेतीच्या अर्थकारणावर. त्या मानाने आजचा विषय अगदीच घरगुती वाटेल. लहान लेकरे असलेल्या घरातले रोजचे चढउतार, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कोणी म्हटले तर मला नवल वाटणार नाही. पण ह्या मांडवात बसलेल्या तरुण गृहस्थांनी एक लहानसा हिशेब करून पाहावा. आपण येथे तासभर निवांत बसू शकतो, ते कोणाच्या जिवावर? पुष्कळांच्या बाबतीत उत्तर असे येईल की, घरी लेकराची आई त्याला मांडीवर थोपटीत बसली आहे. म्हणजे ह्या विषयावर ज्या माणसाला सर्वांत अधिक सांगता आले असते, ते माणूस येथे येऊच शकलेले नाही. विषय लहान की मोठा, ते एवढ्यावरून ठरवावे.

मला सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे. लहान मुलाच्या वाढीला स्वतःची एक चाल असते. ती चढते, थबकते, क्वचित एक पाऊल मागेही येते. घराची चाल निराळी. ती घड्याळावर चालते. नळाची वेळ, शाळेच्या रिक्षाची वेळ, कचेरीची वेळ, आडतीवर सौदा निघण्याची वेळ. ह्या दोन चालींचा मेळ बसला नाही म्हणजे घरात खटके उडतात आणि मग आपण दोष कोणाच्या तरी माथी मारून मोकळे होतो. लेकरू हट्टी, आई अजागळ, बाप बेफिकीर, आजी जुन्या वळणाची! वस्तुतः ह्यांपैकी कोणाचाही फारसा दोष नसतो. तो कसा नसतो, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम लेकराची चाल पाहू. पहिले बाळंतपण माहेरी होते, बारसे होते, आणि पाहुणे आपापल्या गावी जातात न जातात तोच लेकरू संध्याकाळी रडू लागते. पोट भरलेले, अंग कोरडे, तरी रडते. घर हवालदिल होते. कोणी ओवा-हिंग पोटावर चोळते, कोणी मीठ-मोहऱ्या उतरून टाकते, कोणी डॉक्टर बदलते. वैद्यकशास्त्र सांगते ते असे की, निरोगी लेकराचेही रडणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत अधिक होते आणि तिसरा-चौथा महिना सरता सरता ओसरते. ते ओसरले की त्याचे श्रेय शेवटी ज्याने उपाय केला त्याला मिळते. आजीच्या मीठ-मोहऱ्यांना मी हसत नाही. त्या निमित्ताने आईच्या मांडीवरचे ओझे घटकाभर आजीच्या मांडीवर जाते, हाही एक उपायच आहे. मात्र लेकरू पीत नसेल, मलूल पडत असेल, किंवा पहिल्या तीन महिन्यांत अंगात ताप भरला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले पाहिजे. तेथे वाट पाहू नये.

पुढे आठव्या-नवव्या महिन्यात आणखी एक प्रकार होतो. गावाहून आजोबा येतात, हौसेने हात पुढे करतात आणि कालपर्यंत कोणाकडेही जाणारे लेकरू त्यांना पाहून भोकाड पसरते. आजोबांना वाईट वाटते. सून लेकराला लळा लावू देत नाही, अशी कुजबुजही होते. खरे पाहता ही प्रगतीची खूण होय. कोण रोजचे आणि कोण नवे, हे आता लेकराला उमगू लागले आहे. आजोबांनी चार घटका नुसते जवळ बसावे. लेकरू आपण होऊन सरकत येईल.

वर्ष पुरे झाले की जेवणाची तक्रार सुरू होते. 'काहीच खात नाही हो', हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही असे लेकुरवाळे घर विरळाच. येथे थोडे गणित करावे. जन्मताना लेकराचे वजन अडीच-तीन किलो असते; पाचव्या महिन्याच्या सुमारास ते दुप्पट होते आणि वर्षअखेर तिप्पट. दुसऱ्या वर्षी मात्र वजनात दोन-अडीच किलोचीच भर पडते. वाढीचा वेगच मंदावला, तेव्हा भूकही मंदावणार. आई मात्र पहिल्या वर्षाच्या मापाने वाटी भरते आणि ती रिकामी करण्यासाठी घरभर लेकराच्या मागे धावते. हल्ली त्याच्यासमोर मोबाईल धरून, त्याचे लक्ष नसताना घास कोंबण्याची रीत पडली आहे. त्यामुळे पोट भरल्याची जाणीवच लेकराला शिकता येत नाही. वरणात कुस्करलेली भाकरी, मऊ खिचडी, थोडे दही असे घरचे अन्न वेळच्या वेळी समोर ठेवणे हे आपले काम; किती खावे हे पोटावर सोडावे. अंगणवाडीत वजनाचा तक्ता असतो. त्यातली रेघ वर जात असेल तर निश्चिंत असावे. ती खाली वळली किंवा आडवी राहू लागली, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ह्यानंतर येतो तो हट्ट. साधारण दीड वर्षापासून साडेतीन वर्षांपर्यंत त्याचा अंमल असतो. लातूरकरांना गंजगोलाईचा अनुभव असेल. जेथे सोळा रस्ते येऊन मिळतात, नेमके तेथेच लेकरू फुग्यासाठी जमिनीवर आडवे होते, आणि सोळाही रस्त्यांवरची माणसे आपल्याकडेच पाहत आहेत असे आईबापांना वाटते. नांदेडच्या वजिराबादेतही हेच घडते. ह्या वयात लेकराला 'मी' पणाची नुकतीच जाण आलेली असते. हवे-नको पुष्कळ असते. बोलता येणारे शब्द मात्र थोडे. आणि रागाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर पुरता पक्व व्हावयास विशी उलटावी लागते. दोन वर्षांच्या लेकराने समंजसपणे राग गिळावा, ही अपेक्षा म्हणजे पेरणी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी खळे करावयास निघणे होय. अशा वेळी चापट मारली तर ते गप्प बसते, हे खरे. पण भ्यालेले लेकरू आणि शांत झालेले लेकरू ह्यांत फरक आहे. त्याला उचलून बाजूला न्यावे, जवळ बसावे, आणि जे एकदा नाही म्हटले ते नाहीच ठेवावे. रडून मिळते असे एकदा दिसले की रडणे हा त्याचा उद्योगच होतो.

अशी आणखीही उदाहरणे देता येतील. बालवाडीत जाऊ लागलेल्या लेकराला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी-पडसे होणे सामान्य आहे. पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओले होणे हा रोग नव्हे. धाकटे भावंड आले की थोरले पुन्हा बोबडे बोलू लागते, चमच्याने भरव म्हणते, कडेवर बसू पाहते. त्याचे राज्य गेले आहे आणि ते ज्या उपायाने मिळाले होते तोच उपाय ते पुन्हा करून पाहत असते. तात्पर्य, हे चढउतार वाढीतच अंगभूत आहेत. नदीला पूर येतो, पुन्हा पात्र खाली जाते, म्हणून गोदावरीला कोणी बेभरवशाची म्हणत नाही.

मग प्रश्न असा की, लेकरे पूर्वीही अशीच वाढत होती. आज घरे अधिक का हादरतात? माझ्या मते ह्याची दोन कारणे आहेत. घरातले हात कमी झाले आणि घड्याळे वाढली.

हात कमी कसे झाले ते आपल्या भागाइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि वर जड माळवद, अशी ती घरे होती. ती झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. रुंद रस्ते आणि वेगवेगळ्या भूखंडांवर सुटी घरे अशी त्यांची रचना होती. ती सुरक्षित होती आणि आवश्यकही होती. पण जुन्या गावात चुलतीची ओसरी आपल्या दाराला लागून होती. रांगणारे लेकरू एका उंबऱ्यावरून दुसऱ्या उंबऱ्यावर जाई. नव्या गावात भिंती पक्क्या झाल्या आणि अंतरे वाढली.

भूकंपाने जे एका पहाटेत केले तेच नोकरी आणि शिक्षण सावकाश करीत आहेत. उदगीर, अहमदपूर, कंधार, मुखेड ह्या बाजूंनी एखादे तरुण जोडपे नांदेडला वा लातूरला येते, दोन खोल्या भाड्याने घेते. आजी-आजोबा गावी शेताजवळ राहतात. जे काम सहा-सात हातांचे होते ते दोन हातांवर येते, आणि बाप कामावर गेला म्हणजे ते दोन हात एकट्या आईचेच असतात. ती स्वतः शिक्षिका वा परिचारिका असेल, तर तेही मोकळे नसतात.

येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. जुन्या वाड्याचे गोडवे गाताना ते हात कोणाचे होते हे आपण विसरतो. त्यांत नऊ-दहा वर्षांच्या थोरल्या बहिणीचे हात होते. धाकट्याला कडेवर घेऊन ती दारात उभी राही आणि तिच्या वयाची मुले शाळेत जात. त्यांत अशा सुनेचे हात होते की जिला 'दमले' असे म्हणण्याची सोय नव्हती. ती व्यवस्था तशीच परत यावी, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. हात हवेत, पण ते कोणाचे बालपण वा कोणाचा जीव गहाण ठेवून नकोत.

आता घड्याळांकडे वळू. त्यांतले सर्वांत निष्ठुर घड्याळ नळाचे. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरलेले नाहीत. मांजरा धरण आटले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी तंटे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली. दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे वाघिणी पन्नास झाल्या. ह्या आकड्यांमागचे घर डोळ्यांसमोर आणावे. मोठे माणूस एक दिवस आंघोळीवाचून राहू शकते. दुपटी आणि लंगोट उद्यावर टाकता येत नाहीत. घामोळ्यांनी अंग भरलेल्या लेकराला ओल्या फडक्याने तरी पुसावेच लागते. हगवण लागली तर पाणी उकळून साखर-मिठाचे द्रावण पाजावे लागते. टँकर केव्हा येईल ह्याचा नेम नाही, आणि लेकरू नेमके त्याच वेळी झोपेतून उठते. अशा दिवशी त्या आईचा आवाज चढला तर तो तिच्या स्वभावाचा दोष मानावा काय?

आईविषयी आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात पुष्कळ स्त्रियांना अकारण रडू येते, मन हळवे होते; दोनेक आठवड्यांत ते निवळते. पण उदासी त्यापुढेही राहिली, झोप उडाली, लेकराकडे पाहावेसे वाटेना, जगणे नको असे विचार येऊ लागले, तर तो आजार आहे. त्यावर उपचार आहेत आणि त्यांनी गुण येतो. त्याला नखरा म्हणू नये आणि बाहेरची बाधाही म्हणू नये. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. २०२२ पासून भारत सरकारने १४४१६ ह्या दूरध्वनी क्रमांकावर मोफत सल्ल्याची सोय केलेली आहे. घरातल्या पुरुषाने हा क्रमांक ठाऊक करून घ्यावा, कारण जिला त्याची गरज आहे ती बहुधा स्वतः होऊन विचारणार नाही.

दुसरे घड्याळ विद्येचे. त्याविषयी बोलताना मन थोडे जड होते, कारण ते आपल्या अभिमानाशी जोडलेले आहे. निजामी राजवटीत मराठवाड्यातल्या मुलांना मातृभाषेतून उच्च शिक्षण मिळण्याची सोय नव्हती. उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. १७ सप्टेंबर १९४८ ला तो काळ संपला. १९५० मध्ये नांदेडात पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झाले. ज्यांच्या आजोबांना शाळा पाहावयास मिळाली नाही, त्यांची नातवंडे पुढे 'लातूर पॅटर्न' च्या नावाने महाराष्ट्रभर गाजली. आज वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी दूरदूरची मुले लातुरात आणि नांदेडात येऊन राहतात. हे मोठे कर्तृत्व आहे, आणि शिक्षणाची ही तहान उगाच आलेली नाही.

परंतु सतराव्या वर्षीचे घड्याळ तिसऱ्या वर्षी लावून चालत नाही. लेकरू तीन वर्षांचे होत नाही तोच पाटीपेन्सिल, मग शिकवणी, मग शेजारच्याशी तुलना. निसर्गाची ह्याला संमती आहे काय? जन्मताना मनगटात हाडे अशी नसतातच, नुसती कूर्चा असते. पुढे वर्षावर्षाने एकेक हाड तयार होत जाते, आणि सात वर्षांच्या सुमारासही एखादे व्हावयाचे राहिलेलेच असते. त्या मनगटाकडून चार ओळींच्या वहीत पानभर अक्षरे काढून घेणे, आणि वाकडी आली म्हणून हातावर पट्टी मारणे, ह्यात शिक्षण कितीसे आले? शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत मारण्यास आणि प्रवेशासाठी मुलांची परीक्षा घेण्यास बंदी केली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने पहिलीचे वय पुरी सहा वर्षे ठरविले. लेकरांची झोप पुरी होत नाही म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे महाराष्ट्र शासनाने २०२४ साली सांगितले. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी दहा ते तेरा तास झोप लागते. ती तोडून उठविलेले लेकरू सकाळी चिडचिडे असते, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

ह्या बाबतीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांचे उदाहरण आठवावे. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी ताराबाईंनी खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गरिबांची मुले शाळेत येईनात. पोरे आळशी, आईबाप अडाणी, असे म्हणून त्या मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी शाळाच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. मूल शाळेच्या वेळेत बसत नाही, तर शाळा मुलाच्या अंगणात बसवावी, ह्या विचारातून अंगणवाडी निघाली. घरालाही तोच न्याय लावता येईल.

तो कसा लावावा? मोठ्या योजना नकोत. पहिली गोष्ट, घरातली जी घड्याळे आपल्या हातात आहेत ती थोडी सैल करावीत. नळाची वेळ आपल्या हाती नाही, पण तीन वर्षांच्या मुलाची शिकवणी आपल्या हाती आहे. सकाळची कपड्या-डब्याची तयारी रात्रीच करून ठेवली तर पंधरा मिनिटे उरतात, आणि त्या पंधरा मिनिटांत लेकराला स्वतःच्या हाताने गुंड्या लावता येतात. 'मी करतो' म्हणणाऱ्याला करू दिले की निम्मे हट्ट तेथेच विरतात.

दुसरी गोष्ट, हात वाढवावेत. सर्वांत जवळचे हात बापाचे. लेकराची आंघोळ, संध्याकाळचे जेवण किंवा रात्री थोपटून निजविणे, ह्यांपैकी एक काम बापाने कायमचे आपल्याकडे घ्यावे. कायमचे म्हणजे सांगावे न लागता. 'मदत करतो' हा शब्दही तेथे शोभत नाही. स्वतःच्या घरात कोणी मदतीला येत नसतो. गल्लीतल्या तीन-चार घरांनी आळीपाळीने तासभर सर्वांची लेकरे सांभाळली, तर एकेका आईला आठवड्यातून दोन-तीन मोकळ्या संध्याकाळी मिळतील. आजी गावाहून येत असेल तर तिच्याशी वाद घालण्याआधी तिला विश्रांतीची जागा द्यावी. आणि सासूनेही जाणावे की, आपल्या वेळी निभावले ते एकटीने निभावले नव्हते.

तिसरी गोष्ट मोबाईलची. तो आज घरातला सातवा-आठवा हात झाला आहे, आणि थकलेल्या आईने तो लेकराच्या हाती दिला तर तिला दूषण देण्याचा अधिकार तिच्या हातांत भर घालणाऱ्यालाच आहे. तरीपण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेले प्रमाण ध्यानात असावे. वर्षाच्या आतल्या मुलाला पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको. चार डबे, एक पळी, थोडी माती आणि ऐकावयास बसलेले एक मोठे माणूस, एवढ्यावर लेकरू कितीतरी वेळ रमते.

मित्रहो, ही वर्षे घरातल्या मोठ्यांना फार लांब वाटतात. रात्री सरत नाहीत, आणि पाहता पाहता पाळणा माळ्यावर जातो. ज्या लेकराने वर्षभर झोपू दिले नाही तेच पुढे दार लावून अभ्यासाला बसते आणि आपण बाहेरून विचारतो, 'जेवलास का रे?' त्या दिवशी त्याने आपल्याशी दोन शब्द बोलावेत असे वाटत असेल, तर त्याची तयारी आजच्या ह्या गोंधळातच होत असते. चुकून वाटी सांडली तेव्हा आपला आवाज कसा होता, घाबरून रात्री उठले तेव्हा कोणी जवळ घेतले, हे सारे त्याच्या मनात नोंदले जाते.

 आता उशीर झाला आहे. घरी जाल तेव्हा लेकरू निजले असेल, तर त्याच्या आईला एवढेच सांगावे, की उद्याचे व्याख्यान तू ऐकावयास जा. मी घरी बसतो.